भायलीचा प्लॉट

बडोदे, रविवार

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, भायलीचा प्लॉट आत्ता विकू नका. पडू दे, पाच वर्षांत दुप्पट होईल." मी नुसतं "बघू" म्हणालो. पण ते "पडू दे" डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

काल सकाळी स्कूटरवर तिथे जाऊन आलो. कुंपणाच्या तारा गंजल्यात, आत गांडो बावळ, म्हणजे ती वेडी बाभूळ, डोक्याच्या वर गेलीय. फाटकाचं कुलूप उघडेना, म्हणून बाहेरूनच पाहिलं. १९९१ साली चाळीस हजारांना घेतलेली ही दोन हजार फूट जागा. तेव्हा प्लॉटपर्यंत नीट रस्तासुद्धा नव्हता. आज दलाल ऐंशी लाख सांगतो. इतक्या वर्षांत आपण तिथे एक वीट ठेवली नाही. रस्ता आला, पाण्याची लाइन आली, शाळा आल्या, आजूबाजूला लोकांनी घरं बांधली, आणि त्या सगळ्यांच्या कष्टाची किंमत माझ्या दस्तावेजाला चिकटली.

आपल्याकडे पोळ्या करायला येतात त्या सविताबेन आधी वासणा रोडला भाड्याने राहायच्या, आठवतं? तिकडे दुकानं वाढली तसं भाडंही वाढलं आणि त्यांना अटलादऱ्याच्याही पुढे जावं लागलं. आता दोन रिक्षा बदलून येतात. मला ज्या वाढीने ऐंशी लाख दिले, तिनेच त्यांना उठवलं. हे मला फार लागतं रे.

हेन्री जॉर्ज नावाच्या अमेरिकन माणसाने १८७९ मध्ये 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' या पुस्तकात हेच कोडं मांडलं होतं. शहर भरभराटीला येतं, तरी गरिबी हटत का नाही? कारण वाढीचा मोठा वाटा जमीन धरून बसलेल्याच्या खिशात जातो. म्हणून त्यांचं म्हणणं असं की माणसाच्या कमाईवर आणि बांधकामावर कर लावू नका, बांधकाम सोडून नुसत्या जमिनीची जी किंमत होईल तिच्यावर दरवर्षी लावा. घरांवर कर बसवला तर घरं कमी बांधली जातात. जमिनीवर बसवला तर ती तसूभरही कमी होत नाही, आणि ती कुठे लपवताही येत नाही. वर्षाला भरणा करावा लागला की नुसती अडवून ठेवणं परवडत नाही. माणूस बांधतो, नाहीतर विकतो. डेन्मार्कमध्ये आणि तैवानमध्ये जमिनीच्या किमतीवर असा कर आहे.

आपलं बघ. वरची खोली बांधली आणि घरवेरा, म्हणजे घरपट्टी, वाढला, कारण तो कार्पेट एरियावर ठरतो. भायलीला बावळ वाढली, त्याचं मला कोणी काही विचारलं नाही. टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, वाढलेल्या किमतीचा काही हिस्सा मालकाकडून घेतात खरा, पण तो एकदाच. विकताना कर लागतोच, असं तू म्हणशील. मग जो विकतच नाही त्याचं काय? दर ठरवायचे कसे हा प्रश्नही नवा नाही, भागवार जंत्री, म्हणजे जमिनीच्या दरांची यादी, सरकारकडे आहेच. २०२३ मध्ये ती दुप्पट केली, तरी तिचा उपयोग मुख्यतः दस्तावेज करताना. मात्र जंत्री खरी हवी, मोठ्या लोकांच्या जागांना कमी आणि आपल्याला जास्त, असं झालं तर सगळंच फुकट.

तुझ्या आजोबांना विनोबांचं फार होतं. विनोबांचं शालेय शिक्षण इथलंच, बडोद्याचं. १९५१ मध्ये पोचमपल्लीत त्यांना शंभर एकर मिळाली आणि भूदान सुरू झालं. पुढे लाखो एकर मिळाली, पण त्यातली बरीचशी नापीक आणि बरीचशी कागदावरच राहिली. आजोबांना त्याचं शेवटपर्यंत वाईट वाटायचं. देणाऱ्याच्या मनावर सोडलं की असं होतं, म्हणून मला कर बरा वाटतो.

तू दांडिया बाजारच्या आत्याचं नाव काढशील. वाडा कोटीचा, हातात पेन्शन तुटपुंजी. तिच्यासारखीचा कर साठत जावा आणि वाडा विकला जाईल किंवा वारसाला जाईल तेव्हा वळता करून घ्यावा. लहान शेतकऱ्याला तर सरळ सूटच हवी; कोरडवाहू शेत आणि चार रस्त्यांवरचा कोपरा एका मापाने मोजायचे नाहीत.

असा कर उद्या आला तर तो आपल्यालाही बसेल, हे मला कळतं. मी तो भरीन.

तोवर माझ्या हातात जे आहे ते करतोय. समोरच्या गल्लीतलं शिक्षक जोडपं घर बांधण्यासाठी जागा शोधतंय. दलालापेक्षा पाच लाख कमी देतायत, पण पावसाळा संपताच पाया घालणार आहेत. मी त्यांना जवळजवळ हो म्हटलंय. दस्तावेजात तुझंही नाव आहे, तुझ्या सहीशिवाय होणार नाही. पटत नसेल तर तसं लिही, रागावणार नाही. पटत असेल तर दिवाळीला येताना निळ्या फाइलमधला मूळ दस्तावेज घेऊन ये.

तुझा,
बाबा