राजीनाम्याआधी हिशेब मांडा

ठाण्याची वागळे इस्टेट असो वा नवी मुंबईतील महापे, मोठ्या कंपनीत नोकरकपात सुरू झाली की ‘स्वतःहून राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असे गोड शब्दांत सुचवले जाते. यात सोय कंपनीची. कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ असलेल्याला वर्षभराच्या सेवेनंतर कपातीत काढले, तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. राजीनाम्यावर सही केली की ती गेली. व्यवस्थापकांना हे संरक्षण नाही. त्यांनी नेमणूकपत्र काढून वाचावे.

ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दलची एकरकमी रक्कम, मात्र पाच वर्षांनंतर राजीनामा देऊनही मिळते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ५२,००० आणि सेवा १२ वर्षे असेल, तर २६ने भागून १५ने व १२ने गुणा : ३,६०,००० रुपये. सहा महिन्यांहून जास्तीचा काळ पूर्ण वर्ष धरतात. म्हणून १२ वर्षे पाच महिन्यांवर घाईने बाहेर पडू नये.

पीएफचे पासबुक दरमहा तपासा. पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंतचा भरणा रखडू लागला, तर कंपनीकडे पैशांची चणचण असू शकते; मग भरपाईच्या आशेने थांबण्यात अर्थ नाही.

– एक वाचक, ऐरोली