दहा हजारांचा आकडा

औसा,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, २०२४

प्रिय भावा,

सप्रेम नमस्कार. माणसं पैशाचे निर्णय कसे घेतात यावरच्या शोधनिबंधांचं तू पुण्याहून पाठवलेलं बाड मिळालं. पंधरा दिवस ते बैठकीत कट्ट्यांवरच, म्हणजे सोयाबीनच्या पोत्यांवरच, पडून होतं. आमच्या बैठकीत सोयाबीन राहतं आणि माणसं ओसरीवर बसतात, हे तुला माहीतच आहे. परवा २०२१ च्या मालातले शेवटचे बावीस कट्टे लातूरला घातले, तेव्हा कुठं भिंत दिसली. त्याच रात्री वाचायला घेतलं.

आधी आमची कथा सांगतो, मग तुझ्या प्राध्यापकांची.

२०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. तेव्हा आमच्या गावात कुणाकडं पायलीभरही माल शिल्लक नव्हता. म्हणजे तो भाव आमच्यातल्या कुणालाच मिळाला नाही. आकडा मात्र घरोघरी मुक्कामाला आला. पुढं केंद्रानं १२ लाख टन जीएम (जनुकं बदललेल्या सोयाबीनची) पेंड आयातीला मोकळीक दिली, आणि रास (नव्या पिकाची मळणी) होईपर्यंत भाव निम्म्यावर आला. डिसेंबरात वायदेही (पुढच्या तारखेचे सौदे) बंद झाले. घरातल्या थोरल्या आण्णांनी कट्टे शिवून ठेवले. २०२२ च्या उन्हाळ्यात भाव सात हजारांवर गेला. मी म्हणालो, आण्णा, काढू आता. तर म्हणाले, "दहाला गेलेली वस्तू सातला देऊ? माल काय चोरीचा हाय का?"

यावर काय बोलणार?

तुझ्या बाडात कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९७९ चा निबंध आहे. माणूस फायदा-तोटा हातातल्या पैशावरून मोजत नाही. मनात रोवलेल्या एका खुंटीपासून मोजतो, आणि तोटा त्याला तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त सलतो. लागवडीच्या खर्चावरून मोजलं तर सात हजारांत नफाच होता. पण खुंटी दहाला होती, म्हणून आण्णांना तीन हजारांचा खड्डा दिसला. ओडीन या अभ्यासकाचा १९९८ चा निबंध वाचून तर हसूच आलं. त्यानं अमेरिकेतल्या एका शेअर दलालाकडची खाती तपासली, तीही नेमकी १० हजार! लोक वाढलेले शेअर पटकन विकतात आणि पडलेले उराशी धरून बसतात, असं त्याला दिसलं. शिवाय विकलेले शेअर पुढच्या वर्षात धरून ठेवलेल्यांपेक्षा बरे चालले. आमच्या बैठकीतही दुसरं काय झालं? थोडं थोडं विकत गेलो, दर वर्षी आधीच्यापेक्षा कमी भावानं. परवा हमीभाव ४,८९२ असताना आमची पट्टी (आडत्याची विक्रीची पावती) चार हजारांच्या आत आली. माल जुना, रंग गेलेला, वजनातही घट.

पण मला एक खटकतं. हे सगळे निबंध चूक माणसाच्या डोक्यात शोधतात. आण्णांच्या डोक्यात खुंटी आहे, कबूल. पण हंगाम सुरू असताना आयातीचा नियम कुणी बदलला? शेअरवाल्याला उद्याचा भाव कळत नाही, आम्हाला उद्याचा नियमही कळत नाही. अशा बाजारात थांबणाऱ्याला वेडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खरं मनाला लागलं ते तमिळनाडूच्या ऊसवाल्यांचं काम, २०१३ चं. त्याच शेतकऱ्यांना ऊस जायच्या आधी आणि पैसे हातात आल्यावर आकृत्यांची कोडी घातली. आधी, हात आखडता असताना, तेच लोक कमी पडले. पैसे आल्यावर तेच लोक बरे निघाले. माणूस तोच, डोकं तेच. हे वाचून मला आमचा भाऊकीतला चुलता आठवला. जूनमध्ये आडत्याकडून उचल घेतो, बी-खत उधारीवर आणतो, आणि रास झाली की मशीनवरूनच माल आडतीला जातो. भाव काय निघाला हे तो पट्टी बघून विचारतो. त्याच्या डोक्यात दहाची खुंटी रोवायला जागाच नाही, तिथं उचलीचा आकडा बसलाय. तीन वर्षांचा हिशेब मांडला तर तो आमच्यापेक्षा फार मागं नाही, ही गोष्ट मी आण्णांना अजून सांगितलेली नाही.

केरळच्या मच्छीमारांवरचा निबंध छान आहे, मोबाइल आल्यावर किनाऱ्याकिनाऱ्यावरच्या भावातला फरक मिटला वगैरे. पण मासळी संध्याकाळपर्यंत नासते, म्हणून होडीवाल्याला ठरवावंच लागतं. सोयाबीन असं लगेच नासत नाही. आण्णा मोबाइलवर रोज सकाळी लातूरचा भाव बघतात आणि रोज सकाळी नव्यानं दुखावतात. मोबाइलनं त्यांचं एवढंच केलंय.

आता काम सांगतो. थांबू शकणारा आणि थांबू न शकणारा, अशा दोघांना शेजारी ठेवून कुणी मोजलं असेल तर ते कागद पाठव. आणि येळवशीला (वेळा अमावास्येला) ये. भज्जी, उंडे, आंबील सगळं आहेच, कोपीही (शेतातली खोप) या वर्षी विहिरीजवळ घालणार आहोत. आण्णांना कळलंय की तू हे शिकवतोस. तुला विचारायचं म्हणून त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवलाय. यंदाचे चाळीस कट्टे पुन्हा बैठकीत लागलेत, त्यावरून काय ते ओळख.

तुझाच,
औशाचा दोस्त