मॅडम, तुमच्या त्या दोन पानी तक्त्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बाळांच्या आणि मुलांच्या खाण्यापिण्यातल्या अडचणी तपासण्यासाठी तुम्ही आमच्या विभागाला जो तक्ता करून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र खुलं ठेवतोय, कारण त्यातलं बरंचसं लहान मुलांना पाजणाऱ्या-भरवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

एरवी नोंद कशी असते? ‘३० मि.ली. घेतलं, उलटी नाही.’ हे ३० मि.ली. पंधरा मिनिटांत गेलं की पन्नास, ते त्यातून कळत नाही. तुमच्या तक्त्यात मि.ली.च्या आधी मिनिटांचा रकाना आहे. दर वेळी अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, तर बाळ पोट भरून नव्हे, दमून झोपतंय अशी शंका घ्यायची. त्याच्या शेजारचा रकाना तर खास तुमचाच: हनुवटीखालच्या फडक्याचं वजन, पाजण्याआधी आणि नंतर. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मि.ली. ओठांच्या कोपऱ्यातून गळलेलं दूध ‘घेतलं’मध्ये मोजलं जातं आणि मग वजन का वाढत नाही म्हणून सगळे बुचकळ्यात पडतात. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी.

बाटली हातात घेण्याआधी बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, असं तुम्ही ठळक अक्षरात लिहिलंत. कारणही दिलंत, म्हणून ते लक्षात राहिलं. दूध ओढताना बाळ सेकंदाला साधारण एकदा चोखतं, सुरुवातीच्या आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक चोखण्यामागे एक घोट गिळतं आणि गिळताना श्वास थांबतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल, तर हा थांबा त्याला परवडत नाही. तोंडाने पाजणं थांबवून आधी डॉक्टरांना दाखवायचं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भवयाच्या ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्यामुळे वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत जन्मतारखेवर भिस्त ठेवायची नाही.

मग तोंड. हातमोजा घालून करंगळीचा मऊ भाग टाळूकडे करून आत द्यायचा. जीभ बोटाला पन्हाळीसारखी कवेत घेते का, ओढ किती, ताल तुटतो का, हे बोटालाच कळतं. तिथेच थांबू नका, बोट अलगद मागे सरकवा, असं तुम्ही लिहिलंय. कडक टाळूच्या मागच्या कडेला खाच लागली किंवा पडजीभ दुभंगलेली दिसली, तर वरून अखंड वाटणाऱ्या टाळूतही आत फट असू शकते. नाकातून दूध येण्याचं उत्तर कधी कधी तिथे सापडतं. आणि बोट छान चोखलं म्हणून बाळ दूध सांभाळेलच असं नाही: नुसतं चोखताना वेग सेकंदाला दोनच्या आसपास असतो आणि गिळायला लाळेशिवाय काही नसतं.

पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचं. उतावळं बाळ पहिल्या दोन मिनिटांत गडबडतं, दमणारं बाळ शेवटी. भुवया वर जाणं, बोटं ताठ पसरणं, नाकपुड्या फुलणं, ओठांभोवती निळसर झाक, गळ्यात घरघर: हे सगळं ठसक्याच्या आधी दिसतं. ठसका लागलाच नाही म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. बाळांमध्ये दूध श्वासनलिकेत उतरूनही खोकला न येणं दुर्मीळ नाही. आवाज ओला येत असेल, छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर नुसत्या नजरेवर विसंबू नका. दुधात बेरियम (एक्स-रेमध्ये दिसणारं द्रव्य) मिसळून हलत्या एक्स-रेखाली गिळणं तपासून घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निपलचं भोक मोठं करणं. बाळ हळू पितं म्हणून धार वाढवायची, मग ते गुदमरतं, आणि चार दिवसांत बाटली दिसली की तोंड फिरवतं. त्याच्या नेमकं उलट करायचं असतं: कमी धारेचं निपल, डोकं थोडं उंच ठेवून कुशीवर धरणं आणि तीन ते पाच चोखण्यांनंतर बाटली खाली झुकवून श्वासाला जागा देणं. मात्र एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

दूध घट्ट करायचं ठरलंच, तर अंदाजाने नको. १० मि.ली.ची सिरिंज (शून्य ते दहाची पट्टी ६१.५ मिलिमीटर भरणारीच) दट्ट्या काढून, टोकावर बोट धरून त्या दुधाने दहापर्यंत भरायची, बोट काढायचं आणि १० सेकंदांनी परत बंद करायचं. १ मि.ली.हून कमी उरलं तर ते पातळच, १ ते ४ उरलं तर किंचित घट्ट, ४ ते ८ उरलं तर त्याहून घट्ट. अंगावरच्या दुधात स्टार्चची पूड चालत नाही. दुधातलंच अमायलेज हे पाचकद्रव्य स्टार्च मोडतं आणि दूध पुन्हा पातळ होतं. झँथन गमची पूड तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाला द्यायचीच नाही.

मोठ्या मुलांचं पान आटोपशीर आहे, पण नेमकं. पाय लोंबकळत असतील तर आधी पायांखाली आधार द्या, मग चावण्याची तपासणी करा. उबळ (ओकारी आल्यासारखं होणं) आणि घशात अडकणं यांत गल्लत नको: उबळीत आवाज येतो आणि मूल स्वतः सावरतं, अडकलं तर आवाजच बंद होतो. तीन दिवसांच्या नोंदीत मधलं पिणंही लिहा. दिवसाला अर्धा लिटरहून जास्त दूध पिणाऱ्याला जेवणाची भूक कुठून लागणार? बद्धकोष्ठता विचारा, लोह तपासा, आणि मागे धावून किंवा जबरदस्तीने भरवलं जातं का, हे दोष न देता विचारा. मुलांच्या खाण्याच्या विकाराच्या २०१९ च्या व्याख्येतही आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य आणि घरातलं वातावरण या चार बाजू एकत्र धरल्या आहेत, म्हणजे एकट्या डॉक्टरांनी किंवा एकट्या आहारतज्ज्ञांनी हे काम उरकत नाही.

तक्त्यात एकच बदल केलाय, चालेल ना? ‘आईला काय वाटतं’ हा रकाना तुम्ही शेवटी ठेवला होता. आम्ही तो सगळ्यात वर घेतलाय.

आपले नम्र,
बालरुग्ण विभागातील परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर