दुखणे आकड्यात कसे सांगायचे?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सिस्टरने आईला विचारले, ‘आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ आई गोंधळली. ‘दोन-तीन असेल,’ म्हणाली. रात्री मात्र पलंगाची कड घट्ट धरून बसलेली. शेजारच्या बाई त्याच शस्त्रक्रियेनंतर मोठ्याने कण्हत होत्या. त्यांना इंजेक्शन लगेच मिळाले. खोटे दोघींपैकी कोणीच बोलत नव्हते. वेदना हा नेहमीच ज्याचा-त्याचा अनुभव असतो, असे वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारताना स्पष्ट केले आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी तर १९७५ मध्येच वेदनेच्या शब्दांवर आधारलेली प्रश्नावली प्रसिद्ध केली होती. आणि मराठीत अशा शब्दांची ददात आहे थोडीच? ठणका, कळ, चमक, सणक, रग, ठसठस, आग. दुसऱ्या दिवशी मी विचारले, ‘ठणकतंय की चमक मारतेय?’ आई लगेच बोलती झाली. ‘रात्री ठणका. पाय वाकवला की कळ पार मांडीपर्यंत.’ हे ऐकून डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. रुग्णालयांनी आकड्यांच्या तक्त्याशेजारी हे शब्दही छापावेत. खर्च एका कागदाचा.

– एक वाचक, सातारा