नावं न सांगता राबलेल्यांचे आभार
चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्रात यांचा हात सापडला, तेव्हा पीक नेमकं कापणीला आलेलं. आम्ही दवाखान्यात, शेत वाऱ्यावर. तुम्ही कापणी-मळणी उरकलीत, पोती कोरड्यात रचलीत. पण खरे आभार गोठ्यासाठी. धार चुकली की दूध तुंबतं, कास सुजून कासदाह होतो; म्हणून दोन्ही वेळा तुम्ही हजर. कुठली गाय लाथ मारते, कुणाला वासरू लावल्याशिवाय पान्हा फुटत नाही, हे दारावर खडूनं लिहिलंत, पुढच्या पाळीवाल्याची पंचाईत नको म्हणून. (आम्हालाही हे कधी सुचलं नव्हतं!) नावं विचारली तर विषयच बदललात. असो. यांची बोटं आता वळू लागलीत. धार मी काढते, बाकीचं निभतंय. तेव्हा आमची पाळी आता दुसऱ्या अडलेल्या घराला द्या.