तिरुवैयारूच्या अनोळखी मंडळींचे आभार

यंदाची पौष वद्य पंचमी शनिवारी आली, म्हणून पुण्याहून आम्ही चौघे त्यागराज आराधनेला तमिळनाडूत तंजावरजवळच्या तिरुवैयारूला जाऊ शकलो. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज १८४७ साली याच तिथीला गेले. कावेरीकाठच्या त्यांच्या समाधीपाशी त्या तिथीला शेकडो गायक-वादक जमिनीवर बसून त्यांच्या पंचरत्न कृती, म्हणजे पाच रागांतल्या पाच रचना, एकत्र गातात.

तंजावरच्या गर्दीत आईचा हात धरून तिला बसमध्ये चढवणाऱ्या कंडक्टरदादांना पहिला नमस्कार. भाषा कळत नव्हती, पण त्यांनी तिला सीट मिळवून दिलीच. मांडवात सरकून जागा देणाऱ्या काकूंनी तर कमालच केली. आमचे कोरे चेहरे पाहून त्यांनी पिशवीतून देवनागरीत हाताने लिहिलेली पानं काढली आणि नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री या पाचही रागांत ओळीवर बोट फिरवत राहिल्या. (वराळी गुरू समोर बसून शिकवत नाहीत म्हणे, नातं बिघडतं! त्यांनी मात्र बिनधास्त दाखवली.)

ही समाधी बांधून घेणाऱ्या आणि बायकांच्या गाण्यासाठी भांडलेल्या गायिका बंगळूर नागरत्नम्मांची समाधीही तिथेच आहे, हे सांगणारे आजोबा तंजावरी मराठीत बोलत होते. कानाला इतकं गोड वाटलं! तुम्ही हातावर ठेवलेला अशोका हलवा रस्त्यातच संपला, आजोबा.

काकू, तुमची पानं गडबडीत आमच्याकडेच राहिली. प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवली आहेत. पुढच्या पंचमीला घेऊन येतो.