रिजेक्शनचा ढीग

ड्युसेलडॉर्फ
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार.

"पोरगी तिथं खरेदीखात्यात बसलीया आणि आपल्या फाउंड्रीला एक ऑर्डर मिळंना" असं म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात, म्हणून हे लिहायला बसले.

आधी कडू तेवढं सांगून टाकते. आमच्या कंपनीत मी आपल्या मालासाठी शब्द टाकणार नाही. घरच्यांचा धंदा म्हटल्यावर त्या निर्णयात मला बसताच येत नाही, तसं मी लिहून दिलंय. पण टेबलाच्या या बाजूला रोज काय येऊन पडतं, ते सांगू शकते.

आपल्या अभीने ऑर्डरसाठी लिंक्डइनवर एका रात्रीत साठ-सत्तर जर्मन लोकांना एकच मजकूर धाडला. मला दाखवला तेव्हा हसूच आलं. तसले आठवड्याला दहा-बारा माझ्याकडेच येतात, आणि मलाही 'आदरणीय सर'च असतं. वर 'आम्ही आघाडीचे उत्पादक', खाली ब्रोशर. मी ब्रोशर उघडत नाही. शिवाय इथल्या स्पर्धा कायद्याच्या सातव्या कलमानुसार आधी संमती घेतल्याशिवाय जाहिरातीचा ई-मेल पाठवता येत नाही, कंपनीलासुद्धा. तेव्हा ई-मेलचे पत्ते विकत घ्यायचा त्याचा बेत तर तिथल्या तिथे मोडा.

त्याच्या प्रोफाइलवर जोतिबाच्या यात्रेतला गुलालाने माखलेला फोटो आहे. मला आवडतो, पण भट्टीजवळचा लावा म्हणावं. आणि ओतीव लोखंडाच्या ज्या ग्रेडला आपण एसजी ४००/१५ लिहितो, तो इथले लोक जीजेएस-४००-१५ या नावाने शोधतात. दोन्ही लिहायला पैसे पडत नाहीत. ईएन १०२०४ या युरोपियन मानकाप्रमाणे मालाच्या तपासणीचं ३.१ सर्टिफिकेट देतो, हेही वरच दिसू दे. इथे चौकशीत ते हमखास विचारतात.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका फाउंड्रीवाल्याने (आपल्याकडचा नव्हे) मधोमध कापलेल्या कास्टिंगचा फोटो टाकला होता. जाड भागात श्रिंकेजची, म्हणजे धातू आकसून झालेली, पोकळी, आणि खाली चार ओळी: रायझर (आकसताना जादा धातू पुरवणारा) कुठे होता, कुठे हलवला, चिल (तेवढा भाग लवकर गार करणारा तुकडा) का लावला, तरी पहिल्या लॉटमध्ये किती पीस रिजेक्ट झाले. 'आमच्याकडून घ्या' असं एक अक्षर नाही. आमच्या क्वालिटीतल्या म्हाताऱ्याने खाली प्रश्न विचारला. फाउंड्रीवाल्याने उत्तर दिलं, 'ते माहीत नाही, करून बघतो', आणि महिन्याने खरंच करून बघून कळवलं. असं सात-आठ महिने चाललं. मग म्हातारा स्वतःहून माझ्याकडे आला, याच्याकडून सॅम्पल मागव म्हणाला.

आबा, तुम्ही भोसरीला गिऱ्हाइकाकडे जायचात तेव्हा साहेबाच्या केबिनआधी मागच्या शेडमध्ये जाऊन रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, ढीग बघायचात. मी लहान होते, हात काळे करून घेतले म्हणून तुम्ही ओरडला होतात. या माणसाने तेच केलं, फक्त ढीग स्वतःचा दाखवला. अभीला ब्रोशर लिहिता येतं, पण ढीग त्याने अजून नीट बघितलेला नाही. तो तुम्हीच दाखवायचा.

दिवाळीला गिऱ्हाइकाकडे गुळाची ढेप न्यायची तुमची पद्धत इथे चालायची नाही. भेटवस्तूंचे नियम कडक आहेत, घेणाराच अडचणीत येतो. आणि मेसेजमध्ये 'हॅलो मायकेल' नको. आडनावाने, 'झी' म्हणजे आपलं 'तुम्ही' वापरून लिहायचं. त्याने आपणहून 'डू' म्हटलं की मग तू-तू.

झिंगवर, म्हणजे इथल्या लिंक्डइनसारख्या साइटवर, खातं काढू का, असं अभी विचारत होता. ते हॅम्बुर्गचंच, पण आता बरंचसं नोकऱ्यांचं झालंय, त्यातले गटही २०२३ मध्ये बंद केले. वेळ घालवू नये.

'गीफा' हे फाउंड्रीचं मोठं प्रदर्शन इथे ड्युसेलडॉर्फलाच दर चार वर्षांनी भरतं. मागचं २०२३ ला झालं, पुढचं २०२७ च्या जूनमध्ये. तोवर अभीची वीस माणसांशी जरी अशी बोलणी झालेली असली, तरी तुम्ही दोघं या. माझ्याकडे राहा, हॉटेलांचे भाव त्या आठवड्यात विचारू नका.

मागच्या आठवड्यात पंप-बॉडीत ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, आले म्हणालात ना? तो पीस भट्टीत टाकू नका. कापून फोटो काढायला सांगा, गिऱ्हाइकाचं नाव आणि ड्रॉइंग दिसू न देता. मजकूर अभीने मराठीत लिहावा, तुम्ही तपासा, जर्मन मी करून देते.

आईला सांगा, मेतकूट पोचलं. डबा फुटला होता, सगळ्या स्वेटरांना वास आहे.

तुमची,
पमी